मदत हवी आहे: रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंटनंतर खांदा निखळला, आता काय सांभाळायचं?

मंडळी, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सासूबाईंचं (वय ७४) डाव्या खांद्याचं रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट (कृत्रिम सांधा बसवण्याचं ऑपरेशन) झालं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण महिनाभरातच खांदा निखळला. पडल्याबिडल्या नाहीत. सोफ्यावरून उठताना हात मागे टेकवून जोर दिला, एवढंच. भूल देऊन परत बसवलाय, हात पुन्हा झोळीत.

डॉक्टर म्हणाले, या सांध्यात गोळा फऱ्याच्या हाडावर आणि वाटी दंडाच्या हाडावर, म्हणजे सगळं उलटं. सांधा जागेवर राहतो तो बराचसा डेल्टॉइड (खांद्यावरच्या मोठ्या) स्नायूच्या ताणावर. हात मागे, अंगालगत आणि आत वळलेला, हे तिन्ही एकदम झालं की धोका.

खरी अडचण संडासची आहे. धुवायला डावा हात मागे नेला की नेमकी हीच स्थिती. उजवा वापरा म्हटलं तर, "त्याच हाताने जेवू?" जेट स्प्रे लावलाय, तरी हात सवयीने मागे जातोच. कोणी यातून गेलंय का? आणि परत निखळला तर थेट दुसरं ऑपरेशनच का?

---

प्रतिसाद १:
वडिलांचं झालंय. आम्ही कमोडला बिडे सीट (बसल्या जागी पाण्याच्या फवाऱ्याने धुणारी) बसवली, प्रश्नच मिटला. साडी काही महिने विसरा. पदर मागून घेऊन कमरेला खोचणं नकोच. पुढून उघडणारे गाऊन घ्या आणि बाही आधी ऑपरेशनच्या हातात घाला. उताणं झोपताना कोपराखाली उशी हवी, आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. सोफाही उंच करा. आम्हाला ही पथ्यं साधारण १२ आठवडे होती, पण तुमचा खांदा एकदा निखळलाय, तेव्हा मुदत सर्जनकडूनच घ्या.

वडिलांचा दुसऱ्यांदा निखळला तेव्हा आधी जंतुसंसर्ग नाही ना, डेल्टॉइडची नस ठीक आहे ना, हे तपासलं. मग जाड प्लास्टिकची वाटी आणि मोठा गोळा घातला. पहिल्यांदा निखळला की बहुतेक वेळा नुसता बसवून बघतात. अचानक दुखलं, आकार बदलला किंवा हात उचलेना, तर मालिशवाल्याकडे नाही, सरळ एक्स-रेला.

---

धागाकर्ती:
बिडे सीटचं सुचलंच नव्हतं, धन्यवाद! भारतीय पद्धतीचा संडास आहे, त्यावर ठेवायची खुर्ची घेतली तर त्याला ही सीट बसते का?