अनुभव धागा : ‘सुधारायला’ ठेवलेली मुलं

परसदार

बेसमेंट आवरताना लेकाची जुनी पत्रं सापडली. अकरा. २०११ साली, सोळा वर्षांचा असताना त्याने अमेरिकेतल्या युटा राज्यातून लिहिलेली.

आम्ही न्यू जर्सीत राहायचो. गांजा, शाळेला दांड्या, आणि एकदा त्याने बाबांवर हात उगारला. एका सल्लागार बाईने भरपूर फी घेऊन सांगितलं, आधी दहा आठवडे वाळवंटातला कॅम्प, मग निवासी शाळा. न्यायला त्यांचीच माणसं आली, पहाटे चारला, दोन धिप्पाड बाप्ये. मुलासमोर येऊ नका, असं आम्हाला आधीच बजावलेलं. तो वर ‘आई’ म्हणून ओरडत होता आणि मी खाली ओट्याची कड धरून उभी होते. भारतात कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंना सांगितलं, बोर्डिंगला घातलाय.

पहिल्याच फोनवर तिथली थेरपिस्ट म्हणाली, ‘आता तो लिहील की इथे हाल करतात, मला घेऊन जा. सगळीच मुलं लिहितात. विश्वास ठेवू नका.’ पत्रं त्यांनी वाचून मगच आमच्याकडे यायची. तिसऱ्या पत्रात एक ओळ काळ्या पेनने गिरवून टाकलेली होती. तेव्हा मी ती नीट पाहिलीसुद्धा नाही. परवा दिव्यासमोर धरली. ‘बूट काढून घेतात’ एवढंच लागलं.

नंतर बरंच वाचलं. १९५८ साली कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची व्यसनमुक्तीची वसाहत निघाली. तिथे गोलात बसवून एकेकाला सगळ्यांनी मिळून शिव्यांनी सोलून काढायचं, आणि त्याला ‘गेम’ म्हणायचं. अशा पुष्कळ संस्थांची मुळं तिथे सापडतात. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने अशा ठिकाणी झालेल्या मृत्यूंची दहा प्रकरणं तपासून अहवाल दिला. तरी २०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्पमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत गेला. त्याच डिसेंबरात अशा संस्थांबद्दल अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदा झाला. हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातली प्रसिद्ध पॅरिस हिल्टन त्यासाठी बरीच झगडली, ती स्वतः युटातल्या अशा शाळेत राहून आलेली. पण त्या कायद्यात मुख्यतः अभ्यास करायची तरतूद आहे, बंदी वगैरे काही नाही.

आपल्याकडेही मुलांना असं ठेवतात, हे ऐकून आहे. ज्यांना लिहावंसं वाटेल त्यांनी लिहा. संस्थांची नावं नकोत.

वरणफळ

ताई, मी सतरा वर्षांचा होतो. आधी व्हाइटनर हुंगायचो, मग गांजा. वडील आणि मामा म्हणाले, शिर्डीला जाऊ. नगरच्या अलीकडेच गाडी वळली.

एका हॉलमध्ये चाळीसेक गाद्या. सगळे बाप्ये, दारूवाले, मिसरूड न फुटलेला मी एकटा. पहिल्या दिवशी डोकं भादरलं. डॉक्टर महिन्यातून एकदा. बाकी सगळं सीनियरच्या हातात, म्हणजे जो स्वतः आधी पेशंट होता आणि आता ज्याच्या हातात पाइप आहे तो. चूक झाली की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कधी दोन तास, कधी रात्रभर.

घरचा फोन रविवारी, स्पीकरवर. मागे सीनियर उभा. आई विचारायची, जेवलास का? मी एकदा म्हटलं, ‘आज वरण नाहीये.’ आमच्याकडे वरणाशिवाय पान वाढत नाहीत, वाटलं तिला कळेल. पण तिला सांगून ठेवलेलं होतं, जेवणावरून कुरकुर करेल, विरघळू नका. ती म्हणाली, ‘बाळा, जे मिळेल ते खावं.’ फोन ठेवल्यावर पाइप बसले. वरण हा काही कोडवर्ड आहे का, म्हणून.

गांजा सुटला का, हे लोक हटकून विचारतात. बाहेर आल्यावर तिसऱ्या आठवड्यात परत सुरू. सुटला तो चार वर्षांनी, दुसऱ्या ठिकाणी. तिथे स्वतःच्या पायाने गेलो होतो.

अनामिका_७

मला मोबाइल आणि एका मुलाच्या प्रकरणावरून ठेवलं होतं. तीन महिने. मारलं नाही कुणी. संडासाला कडी नव्हती. अजून एवढंच लिहिता येतंय.

तळटीप

मी दुसऱ्या बाजूला होते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, फील्डवर्कला एका केंद्रात आठवड्याचे दोन दिवस जायचे. पंधरा वर्षांच्या एका मुलाने मला पाठ दाखवली. मी सरांना सांगितलं. ते हसले, ‘मॅडम, नवीन आहात. तो तुम्हाला गुंडाळतोय.’ त्या रात्री मी माझ्या जर्नलमध्ये त्या मुलाबद्दल ‘मॅनिप्युलेटिव्ह’ असं लिहिलं. कॉलेजने त्या जर्नलला चांगले मार्क दिले.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, तेव्हा लागू झालेला होता. कलम ८७ वाचा. अल्पवयीन मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं. पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचं, मुलगी असेल तर बाईमाणसाने. दाखल केल्याचं ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. कलम ९५ प्रमाणे कुणालाही साखळदंड घालायला बंदी. आमच्या केंद्राच्या भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं, सगळे पालक बघून हात जोडायचे. ते धर्मादाय आयुक्तांकडच्या ट्रस्टनोंदणीचं होतं, उपचारांच्या परवानगीचं नव्हे.

मूल आत अडकलं असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. फोन मुलानेच करायला हवा असं नाही.

बापमाणूस

सगळ्यांना एकाच तागडीत तोलू नका. माझ्या पोराने रात्री दोनला आईसमोर सुरी काढली होती. शेजारी दारं लावून बसले, पोलीस म्हणाले घरगुती आहे. अशा वेळी माणूस काय करणार? आम्ही ठेवला, साडेचार महिने. आज तो रिक्षा चालवतो, नीट आहे.

परसदार

दादा, तुमचं खोटं नाही. मीही त्याच रात्रींतून गेले आहे. एकच विचारते. तिथे तुम्हाला त्याला एकट्याला भेटता यायचं का?

बापमाणूस

दर बुधवारी. मागे चिकूचं झाड होतं, त्याच्याखाली बसायचो. आसपास कुणी नसायचं. पहिले तीन बुधवार तो मला नुसत्या शिव्या देत होता.

वरणफळ

काका, मला तेवढा एक बुधवार मिळाला असता तर.

परसदार

काल लेकाला सिॲटलला फोन केला. त्या खोडलेल्या ओळीबद्दल विचारलं. म्हणाला, ‘पळून जाऊ नये म्हणून रात्री बूट काढून घ्यायचे. लघवीला अनवाणी जायचं, बर्फातसुद्धा.’ मग थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘ते पत्र तुला मिळालं होतं?’

इतकी वर्षं तो धरून चालला होता की पत्रं त्यांनी टाकलीच नसतील. म्हणून आम्ही आलो नाही.

मी म्हटलं, मिळालं होतं. सगळी मिळाली होती.