इनलाइनवरून आइसवर जायचंय, पुण्यात बसून तयारी कशी करायची?

निगडीची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगा 13 वर्षांचा आहे, इनलाइन स्पीड स्केटिंग करतो (म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सवरच्या शर्यती), स्टेट खेळलाय. आता क्लबातली काही पोरं डेहराडूनच्या हिमाद्री रिंकवर शॉर्ट ट्रॅकच्या (बर्फावरच्या छोट्या गोल ट्रॅकवरच्या शर्यती) कॅम्पला निघालीत, तेव्हापासून यानेही टुमणं लावलंय. पुण्यात बर्फ आणायचा कुठून? एक सर म्हणतात इनलाइन येतं ना, मग 80 टक्के काम झालंच, बाकी तिकडे गेल्यावर जमेल. दुसरे म्हणतात आत्ताच जिम लावा. सासरे म्हणतात जिमला पैसे कशाला, रोज 100 बैठका मारायला लावा. आणि धाकटी, वय 9, तिला फिगर स्केटिंग हवंय, यूट्यूब बघून हॉलमध्ये गिरक्या घेत उड्या मारते आणि खालच्या काकू तक्रार घेऊन वर येतात. दोघांना एकच व्यायाम दिला तर चालेल का, कोणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

चौथी_लेन:
ताई, इनलाइनवरून बर्फावर जाऊन लोकांनी ऑलिम्पिक गोल्ड मारलंय त्यामुळे स्वप्न काही वेडं नाहीये. चॅड हेड्रिक, 2006 ट्युरिन, 5000 मीटर. एरिन जॅक्सन आणि बेल्जियमचा बार्ट स्विंग्स, दोघं 2022 बीजिंग. सगळे आधी चाकांवरचे. पण ते 80 टक्के वगैरे सोडा हो. इनलाइनमध्ये आपण डबल पुश मारतो ना, पाय आधी आत घेऊन मग बाहेर, ती सवय बर्फावर मोडावीच लागते, तिथे ब्लेड एका एजवर, म्हणजे कडेवर, ठेवून सरळ बाजूला रेटायचं असतं. आणि शॉर्ट ट्रॅकची लॅप फक्त 111.12 मीटरची, म्हणजे जवळजवळ सतत टर्नच, तोही कायम डावीकडे.
म्हणून आत्तापासून बेल्टवर टर्न करायला घ्या. कमरेला जाड पट्टा, त्याची टोकं मुलाच्या उजव्या बाजूला उभं राहून तुम्ही धरायची, तो खाली बसून डावीकडे पूर्ण झुकणार आणि उजवा पाय डाव्यावरून टाकत क्रॉसओव्हर करणार. पट्टा सुटला की तो आडवा, त्यामुळे धरणारा माणूस वजनदार पाहिजे, सासऱ्यांना द्या हे काम 😄

थिआल्फच्या_गल्लीत:
मी नेदरलँड्समध्ये हेरेनव्हेनला राहतो, थिआल्फ हा बर्फाचा स्केटिंग रिंक इथलाच. इथली पोरं पण उन्हाळ्यात बर्फावर फारशी नसतात, सायकल, सायकल आणि सायकल, मध्येमध्ये स्लाइड बोर्ड (गुळगुळीत फळी, तिच्यावर मोजे घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला घसरायचं) आणि ड्राय स्केटिंग (बर्फाशिवाय जमिनीवर स्केटिंगच्या हालचाली). म्हणजे बर्फ नाही म्हणून रडायचं कारण नाही, या खेळाचा पाया जमिनीवरच घातला जातो. अमेरिकेच्या एरिक हायडनने 1980 च्या ऑलिम्पिकला स्पीड स्केटिंगची 500 पासून 10000 मीटरपर्यंतची पाचही गोल्ड घेतली आणि मग 1986 ला टूर द फ्रान्समध्ये सायकल चालवली, यावरून काय ते समजा.
आणि स्वीडनचा निल्स व्हॅन डर पोल, बीजिंगला 5000 आणि 10000 दोन्ही जिंकला, 10000 ला 12:30.74, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. नंतर पठ्ठ्याने स्वतःचा सगळा ट्रेनिंग प्लॅन फुकट जाहीर करून टाकला. महिनोन्महिने सायकलवर तासन्‌तास आणि आठवड्यातले दोन दिवस चक्क सुट्टी. आपल्याकडे रविवारी पण पहाटे प्रॅक्टिस ठेवतात, त्या कोच मंडळींनी हे वाचावं. अर्थात त्याचे तास 13 वर्षांच्या पोराला लावू नका, सुट्टी तेवढी उचला.
अजून एक, खाली बसलेल्या पोझिशनमध्ये मांडीचे स्नायू इतके आवळलेले असतात की रक्तच नीट पोचत नाही, दम शिल्लक असतो पण मांड्या भरून येतात, आग होते नुसती. ही आग सहन करायची सवय लावायची तर खाली बसूनच लागते, नुसतं धावून येत नाही.

फिजिओ_ठाणे:
जिमबद्दल. वेट्सने उंची खुंटते हा गैरसमज आहे, शिकवणारा माणूस समोर उभा असेल आणि वजन हलकं असेल तर 13 ला सुरू करायला हरकत नाही. पण हे वाढीचं वय आहे, गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ आल्यासारखं दुखायला लागलं किंवा टाच दुखली तर उड्या ताबडतोब कमी करा, "सहन कर रे" म्हणू नका.
आजोबांच्या बैठका वाईट नाहीत, फक्त देशी बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि स्केटिंगला पूर्ण तळव्याने रेटायचं असतं. शॉर्ट ट्रॅकचं ब्लेड बुटाला पक्कं बसवलेलं असतं, चवड्याने ढकललं तर टोक बर्फात रुततं. तेव्हा टाचा खाली, गुडघे पुढे, पाठ जमिनीला समांतर आणि संख्या मोजण्यापेक्षा घड्याळ लावून. सतत डावीकडे वळल्याने शरीर एकांगी होतं म्हणून एका पायाचे व्यायाम दोन्ही बाजूंनी सारखेच करायचे.
धाकटीला हाच व्यायाम नको. तिचा खेळ वेगळा आहे, तिला उडून एका पायावर उतरायचंय आणि लँडिंगला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका पायावर येतो. हॉलच्या फरशीवर उड्या बंद (काकू पण खूश). गादीवर पण नको, घोटा मुरगळतो. गवतावर किंवा लाकडी फ्लोअरवर, आधी एकच गिरकी, उतरल्यावर गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून तीन आकडे स्थिर उभं राहता येतंय का बघा. डगमगली तर पुढची गिरकी नाही.

निगडीची_आई:
बापरे, खूपच माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार 🙏 एक विचारायचं राहिलं, धाकटीला एका मॅडमनी सांगितलं की हलकं राहायचं तर भात-तूप बंद कर. 9 वर्षांच्या मुलीला??

मिसिसागाची_मावशी:
अगं अजिबात ऐकू नकोस! माझी भाची इथे फिगर करते म्हणून सांगते, या खेळात हेच सगळ्यात घातक आहे. सोची ऑलिम्पिकला 2014 मध्ये टीम गोल्ड मिळवणारी रशियाची युलिया लिपनित्स्काया आठवते का, लाल कोटातली मुलगी, अॅनोरेक्सियाशी झगडत 2017 ला रिटायर झाली, अजून विशीत पण नव्हती. पोटात पुरेसं नसलं की पाळी लांबते, हाडं ठिसूळ होतात आणि त्याच हाडांवर रोज लँडिंग, मग स्ट्रेस फ्रॅक्चर होणार नाही तर काय. कोवळ्या मुलींचं फारच होतंय म्हणून 2022 मध्ये आयएसयूने (स्केटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) सीनियरचं किमान वय 15 चं टप्प्याटप्प्याने 17 केलं.
तिला भरपूर जेवू दे, दोरीवरच्या उड्या, बॅले किंवा भरतनाट्यम पण चालेल, ताल आणि पाय दोन्ही सुधारतात. आणि चार मिनिटांच्या फ्री स्केटला (फिगरमधला संगीतावरचा मोठा परफॉर्मन्स) दम किती लागतो ते दिसत नाही कारण त्या हसत असतात गं, नाडी बघितलीस तर कळेल.

बिनधास्त_बोल:
एवढा खटाटोप कशाला, क्रिकेटला घाला ना दोघांना

चौथी_लेन:
^ झालं, आलेच हे. ताई लक्ष देऊ नका.

निगडीची_आई:
😂 बरं तो स्लाइड बोर्ड कुठे मिळतो? ऑनलाइन फारच महाग दिसतोय.

थिआल्फच्या_गल्लीत:
विकत घेऊच नका, प्लायवूडच्या दुकानात जा, 8 बाय 4 ची ग्लॉसी सनमायका घ्या, दोन फूट रुंदीची पट्टी कापून प्लायवर चिकटवायची आणि दोन्ही टोकांना आडव्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या, पाय त्यावर अडून परत ढकलता यायला हवा. पट्ट्या नुसत्या चिकटवू नका, आतून स्क्रू मारा, पोरगं जोरात येतं. लांबी आधी सहा फूटच ठेवा. बुटांवरून जुने लोकरीचे मोजे चढवायचे की झालं.

चौथी_लेन:
सुताराला कडा घासून घ्यायला सांगा फक्त, सनमायकाची कड ब्लेडसारखी कापते.