वायफायच्या सिग्नलवर सेन्सर चालेल का?

कुंडीवाला: गच्चीतल्या कुंड्यांचा ओलावा मोजायला ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी चिप) लावलाय, पण बॅटरी सारखी उतरते. राउटर ५ मीटरवर आहे, मग अँटेना आणि शॉटकी डायोड (लहरीची एका दिशेची वीज करणारा भाग) लावून त्याच्याच सिग्नलमधून वीज काढता येईल का? व्हिडिओत तर एलईडी पेटलेला दाखवतात.

डायोडदादा: त्या व्हिडिओत अँटेना बहुतेक वॉकीटॉकीला चिकटवलेली असते, अंतर वाढलं की सगळं संपतं. राउटर १०० मिलीवॉटचा धरला तर ५ मीटरवर साध्या अँटेनाला जेमतेम ०.४ मायक्रोवॉट मिळतात, तेही तो सतत ट्रान्समिट करत असेल तर, आणि एवढ्या कमी व्होल्टेजला डायोड नीट चालतच नाही म्हणून त्यातलंही बरंच वाया जातं. ईएसपी३२ नुसता डीप स्लीपमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळं बंद ठेवून झोपलेला असतानाही, ३० मायक्रोवॉटच्या आसपास खातो, वायफाय चालू झालं की शेकडो मिलीवॉट.

लहरी: आकडे बरोबर, पण कल्पना खोटी नाही हो! क्रिस्टल रेडिओ बॅटरीशिवाय एएम स्टेशनच्याच ताकदीवर वाजायचा, लांबलचक एरियल आणि चांगलं अर्थिंग लागायचं एवढंच. गाडीवरच्या फास्टॅगमध्येही बॅटरी नसते, टोलवरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर लहर सोडतो, त्यातूनच चिप जागी होते आणि तीच लहर परत फिरवून नंबर कळवते, स्वतः ट्रान्समिट करत नाही, म्हणून तर भागतं.

कुंडीवाला: अच्छा, म्हणजे मुद्दाम सोडलेली लहर पाहिजे. मग मी काय लावू?

डायोडदादा: गच्चीत ऊन आहे ना? छोटं सोलर पॅनेल लाव आणि रीडिंग तासाला एकदाच पाठव.