झोपेच्या गोळ्या: तुमचा अनुभव काय? (इंदूरकरांनो, लिहा)

भिशीत विषय निघाला आणि कळलं की निम्म्या जणींच्या पर्समध्ये झोपेची गोळी आहे, पण कोणी कोणाला बोललेलं नाही, वर एकीचं म्हणणं तू माझीच अर्धी घेऊन बघ ना. म्हणून धागा काढतेय. एखाद्या रात्रीचं जागरण नको, ते सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन सगळेच करतात. आठवड्यात निदान ३ रात्री झोपेचं खोबरं आणि हे ३ महिने चाललंय, डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात, असे जे कोणी आहेत त्यांनी लिहा. कोणती गोळी, काय फरक पडला, सुटली का आणि कशी सुटली. दुसऱ्याचा डोस वाचून स्वतःवर प्रयोग मात्र नका करू.

सुदामानगरवाली: माझं दुखणं म्हणजे झोप लागायलाच दोन वाजायचे, एकदा लागली की ठीक. झोल्पिडेम ५ मिलिग्रॅम दिली. मिस्टरांना पूर्वी १० होती मग मला निम्मीच का विचारलं, तर डॉक्टर म्हणाले बायकांच्या शरीरातून ही हळू बाहेर पडते, सकाळी गाडी चालवताना अंमल राहतो, अमेरिकेत २०१३ मध्येच बायकांचा डोस ५ वर आणला. गोळी छान चालली, खोटं कशाला बोलू. पण ती घेतली की लगेच आडवं व्हायचं असतं. एका रात्री घेतली आणि मैत्रिणीचा फोन आला, सकाळी ती म्हणते काल सासरचं सगळं काढलंस गं, पाऊण तास! मला एक अक्षर आठवत नव्हतं. नशीब फोनवरच होते, स्कूटी काढून निघाले नाही. तसंही होतं म्हणे लोकांना, झोपेत गाडी, झोपेत गॅस पेटवणं, २०१९ पासून तिकडे माहितीपत्रकात चौकटीत इशारा छापतात. आपल्याकडे ती घडी उघडून वाचतो कोण.

काउंटरच्या पलीकडून: माझं मेडिकल आहे. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या झोपेच्या गोळ्या शेड्यूल एच वन मध्ये, म्हणजे पर्चीशिवाय न द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, पाकिटावर लाल चौकट बघा. २०१४ पासून आम्हाला पेशंटचं, डॉक्टरचं नाव आणि किती दिल्या ते वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं, रजिस्टर ३ वर्षं सांभाळायचं. तरी रोज कोणीतरी येतंच, "भिया, पर्ची घर पे रह गई, एक पत्ता दे दो, मम्मी के लिए है." मम्मी बाहेर गाडीत बसलेली असते, तिला विचारलं तर म्हणते मी नाही घेत, हाच घेतो.

निवृत्त बँकवाला: ही गेल्यानंतर अल्प्राझोलाम सुरू झाली ती वर्षानुवर्षं चालू, कोणी थांबवा म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. पुण्याला लग्नाला गेलो, पत्ता संपला, तिथल्या केमिस्टने पर्चीशिवाय दिली नाही (बरोबरच केलं त्याने). दोन दिवसांत हात थरथरायला लागले, घाम, छातीत धडधड, मुलगा घाबरला, ईसीजी काढला तो नॉर्मल. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, रोज काय घेता आणि कधीपासून? ही गोळी एकदम तोडायची नसते, काहींना फीट येते. इंदूरला परत आल्यावर महिनोन्महिने कमी करत आणली. पाऊण, अर्धी, मग पाव. नखाएवढी ती गोळी, ब्लेडने कापताना चुरा व्हायचा, तो वर्तमानपत्रावरून बोटाने टिपून घ्यायचो. प्रत्येक पायरीला आठवडाभर झोप उडायची, मग बसायची. आता बंद आहे. झोप तरुणासारखी नाही पण रात्री बाथरूमला जाताना भिंत धरावी लागत नाही, माझ्या वयाला तेच मोठं, या गोळ्यांवर म्हातारी माणसं पडतात आणि खुबा मोडून बसतात.

रात्रपाळी: विजयनगरला ऑफिस, क्लायंट अमेरिकेचा. मेलाटोनिन घेतो. दणकन झोप आणेल म्हणून घ्याल तर निराश व्हाल, शरीराच्या घड्याळाचा काटा सरकवायला ती बरी, आणि वेळ चुकली तर उपयोग नाही. बाकी काळे पडदे.

पहाटे चारची: माझं उलटं. झोप लागायची पण चारला टक्क जाग, आणि मग रडू. ते डिप्रेशन निघालं. मिर्टाझापिन दिली, झोप आली, मनही हळूहळू सावरलं, पण भूक! रात्री उठून शेवेचा डबा घेऊन बसायचे. वजन इतकं वाढलं की ब्लाऊज उसवून संपले. तरी पुन्हा विचाराल तर हीच घेईन, नुसत्या झोपेच्या गोळीने ते चारचं रडू झाकलं गेलं असतं.

घोरणाऱ्याची बायको: यांना गोळी सुरू केल्यावर घोरणं आणखी वाढलं, मधेच श्वास अडकायचा, मी हलवून उठवायचे. तपासणीत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार आला. त्यात असल्या गोळ्या श्वास अजून मंद करतात. घोरणाऱ्यांनी आधी तपासणी करा हो. आणि वर दोन पेग असतील तर गोळीला हातच लावू नका.

रामबागची: मी सगळ्या गोळ्या करून सीबीटी-आय ला पोचले, म्हणजे गोळीविना, झोपेच्या सवयी आणि विचार बदलायचे उपचार. खरं तर क्रम उलटा हवा, अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संस्थेने २०१६ मध्येच सांगितलंय की आधी हे, गोळी नंतर. उपचार करणाऱ्या बाईंनी आधी झोपेची डायरी लिहायला लावली, मग म्हणाल्या तुम्ही आठ तास लोळता आणि झोपता साडेपाच, तेव्हा पलंगावर साडेपाचच तास, रात्री साडेबारा ते सहा. झोप नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत. दुपारची डुलकी बंद. पहिले पंधरा दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. मग झोप एकसंध व्हायला लागली, तशी वेळ पाव-पाव तासाने वाढवली. साडेबारापर्यंत जागायचं कसं हाच प्रश्न, तर मिस्टर रोज म्हणायचे चल, गराडू (तळलेला मसालेदार कंद) खाऊन येऊ.

सुदामानगरवाली: ताई, आणि रात्री बाराला गराडू खाऊन ॲसिडिटीने जाग आली तर?

रामबागची: आली ना! बाईंनी डायरीत तेही लिहायला लावलं.