मदत हवी आहे : बाबांचा मणका फ्रॅक्चर, कुठलं ऑपरेशन करावं?

नमस्कार मंडळी, बाबा (वय ५८) परवा आंबे काढताना झाडावरून पडले, एमआरआयमध्ये एल१ (कंबरेचा पहिला मणका) बर्स्ट फ्रॅक्चर आलंय, म्हणजे मणका दबून फुटलाय, मागचे लिगामेंटपण (मणके धरून ठेवणारे पट्टे) फाटलेत म्हणून अनस्टेबल आहे, नुसत्या बेल्टवर भागणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पायात ताकद आहे, बोटं हलतात, देवाची कृपा. पण कूस बदलायची तर चौघं लागतात, मान ते पाय सगळं अंग एकदम ओंडक्यासारखं वळवायचं, बाबा दात आवळून गप्प पडून राहतात, बघवत नाही हो.

एक सर्जन म्हणतात पाठ उघडून वरचे दोन खालचे दोन मणके स्क्रू-रॉडने बांधू. दुसरे म्हणतात नसेवर दाब नाहीये तर छोट्या छेदांतूनच स्क्रू टाकू, रक्त कमी जातं. हाड फारच चुरलं असेल तर पुढून केज (फुटलेल्या मणक्याच्या जागी आधाराला बसवतात तो छोटा पिंजरा) टाकावा लागेल असंही कानावर आलंय.

घरात कोणाचं असं ऑपरेशन झालंय का? कुठल्या पद्धतीने? किती दिवसांनी उभं केलं, नंतर वाकायला जमतं का, स्क्रू काढावे लागले का? परवापर्यंत ठरवायचंय, प्लीज अनुभव सांगा.