जुन्या बुलेटला हायड्रॉलिक स्टिअरिंग डॅम्पर: कुठला घ्यावा, कुठे बसवावा?

कोल्हापूर_350
मंडळी, गाडी 1972 ची बुलेट 350. फोर्क, फ्रेम, चाकं सगळं मूळचं, टायर 3.25-19 नवे टाकलेत. थ्रॉटल सोडून वेग 60 च्या खाली उतरायला लागला आणि हात जरा सैल पडले की हँडल थरथरतं. धरलं की थांबतं. कॅस्केटवरची (हेडलाइटच्या खोळीवरची) डॅम्परची, म्हणजे हँडलची हालचाल जड करणाऱ्या यंत्रणेची, घुंडी आवळून पाहिली, तर थरथर जाते पण गावात गाडी दारुड्यासारखी चालते. म्हणून हायड्रॉलिक लावावा म्हणतोय. ऑनलाइन स्पोर्ट्स बाइकचे दांडीवाले डॅम्पर दिसतात. त्यातला चालेल का? स्ट्रोक, म्हणजे दांडीची सरक, किती लागेल? फ्रेमला वेल्डिंग करणार नाही, हे आधीच सांगतो.

सांगली_थंपर
भाऊ, पैसे तूर्त खिशातच राहू देत. हे लक्षण बहुतेक वेळा कोनसेटचं, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या गोळ्या-वाट्यांच्या बेअरिंगचं असतं. मेन स्टँडवर घे, इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी कर. आता दोन बोटांनी हँडल हळूच या टोकापासून त्या टोकापर्यंत ने. सरळ रेषेत आल्यावर ते स्वतःहून खटकन बसत असेल, तर वाट्यांना गोळ्यांचे खड्डे पडलेत. मग नट कितीही आवळ, काही होणार नाही. पूर्ण सेट बदलायचा. नंतर फोर्कचे पाय खालून धरून पुढे-मागे हलव, दुसऱ्या कुणाला खालच्या टीच्या (फोर्कचे दोन्ही पाय धरणाऱ्या आडव्या तुकड्याच्या) सांध्यावर बोट ठेवायला सांग. बोटाला टकटक लागली तर कोनसेट ढिला आहे.

मागचंही बघ. स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या आर्मचे) बुश, स्पोक, आणि चेन ताणताना चाक तिरकं बसलंय का. एकटा बसत असशील तर हवा पुढे 18, मागे 28. पंपावरचा पोरगा दोन्हीकडे 35 ठोकतो, ते आधी मोज.

पुणे_साइडकार
थंपरदादांशी सहमत. कोनसेट खराब असताना डॅम्पर लावला तर आजार झाकला जातो, बरा होत नाही. पण "डॅम्पर नकोच" या मताचा मी नाही.

घुंडीवाल्या डॅम्परमध्ये चकत्या एकमेकींवर घासतात. हँडल हळू फिरवा की जोरात, विरोध जवळपास तेवढाच. म्हणूनच गावात गाडी सरळ धरता येत नाही. हायड्रॉलिकमध्ये तेल बारीक भोकातून जातं, त्यामुळे सावकाश वळवताना विरोध नाममात्र आणि झटका आला की कडक. बीएमडब्ल्यूने आर 69 एस ला तो कारखान्यातूनच दिला होता, म्हणजे जुन्या गाडीवर तो परका दिसेल असं नाही.

माझ्या बुलेटला साइडकार आहे. साध्या फोर्कला साइडकार जोडली की 25-30 च्या वेगाला हँडल हलणं हे ठरलेलंच, तिथे डॅम्पर लागतोच. तुमच्या सोलो गाडीला बाकी सगळं नीट झाल्यावर वाटलं तर लावा. आणि एक लक्षात ठेवा, हँडलची थरथर वेगळी आणि वेगात अख्खी गाडी मागून डोलणं वेगळं. ते डोलणं डॅम्परने जात नाही, जास्त आवळला तर वाढूही शकतं.

कोल्हापूर_350
कोनसेट उद्याच तपासतो. पण समजा लावायचा ठरला, तर जागा कुठली?

पुणे_साइडकार
एक टोक डाउनट्यूबवर (फ्रेमच्या पुढच्या उतरत्या नळीवर) क्लॅम्पने, दुसरं खालच्या टीवर. टीच्या पिंच बोल्टखाली 5-6 मिमीची स्टीलची पट्टी बसते. फोर्कच्या सरकणाऱ्या पायाला अजिबात बांधू नका. शॉकअप दबला की दांडी वाकडी ओढली जाते.

स्ट्रोकचा हिशेब सोपा आहे. पट्टीवरचा बोल्ट स्टेमच्या (हँडल ज्याभोवती फिरतं त्या दांड्याच्या) मध्यापासून 60 मिमीवर असेल आणि हँडल दोन्हीकडे 35 अंश वळत असेल, तर दांडी सुमारे 69 मिमी सरकते. तिथे 75 चा स्ट्रोक पुरतो, पण काठावर. हँडल पूर्ण वळल्यावर ते फ्रेमच्या स्टॉपरला टेकलं पाहिजे, डॅम्परच्या टोकाला नव्हे. नाहीतर कधीतरी दांडी वाकेल आणि हँडल अडकेल. जागा नाही म्हणून बोल्ट 30 मिमीवर आणाल तर तोच डॅम्पर चौथाईच काम करेल, तेव्हा त्या मोहात पडू नका.

दोन्ही टोकांना बॉल-जॉइंट हवेत. हँडल सरळ असताना दांडी निम्मी बाहेर. बसवल्यावर दोन्ही टोकांपर्यंत वळवून क्लच केबल आणि वायरिंग कुठे चिमटत नाही ना, ते पाहा. सुरुवात सगळ्यात सैल क्लिकवर.

ठाणे_क्लासिक
वेल्डिंग नको म्हणतोयस ते योग्यच. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. पुढे कधी ती नोंदणी करायची असेल तर फ्रेमवर वेल्ड केलेला नवा लग (कान) दिसता कामा नये. क्लॅम्प काय, अर्ध्या तासात काढता येतो.

कोल्हापूर_350
कोनसेट उघडला. खालच्या वाटीत खड्डे स्पष्ट दिसतायत, नखाला लागतात. नवा सेट टाकून आधी चालवून बघतो. क्लॅम्प मात्र उद्यमनगरात लेथवर करून ठेवतो, लागला तर लागला. माप काय देऊ?

सांगली_थंपर
ॲल्युमिनियमचा, दोन तुकड्यांचा. डाउनट्यूबचा व्यास व्हर्नियरने रंगासकट मोज आणि आत पातळ रबर धरून भोक मिलिमीटरभर मोठं करायला सांग. ॲलन बोल्ट एम 6, नायलॉक नटसह.