मदत हवी आहे: गावातून होणारी बाहेरच्या वाहनांची रोजची ये-जा कायदेशीर मार्गाने कशी थांबवता येईल?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमेच्या काठावर. बंधारा ओलांडला की कर्नाटक. गावातला रस्ता ग्रामीण मार्ग, एकपदरी, जिल्हा परिषदेचा. हल्ली विजयपूर हायवे चुकवायला लोक मोबाईलवर नकाशा लावतात आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या गल्लीतून घुसतात. एमएच १३ म्हणजे सोलापूरच्या गाड्या पण असतात, केए २८ म्हणजे विजयपूरच्या पण.

मारुतीच्या देवळापाशी समोरासमोर दोन चारचाकी आल्या की एकीला गटारावरच्या फरशीवर चढावं लागतं. ती फरशी मधोमध फुटलीय, गज वर आलेत, आणि शाळेची पोरं त्याच कडेनं चालतात. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्याही असतात, पण त्या आमच्याच शेतातल्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

गावातली तरुण पोरं म्हणतात, रस्त्यावर दगड टाकून अडवू. मला ते पटत नाही. आमच्या निम्म्या सोयरिकी पलीकडच्या गावांत आहेत, दवाखान्याची गाडीही याच रस्त्याने येते. रस्ता बंद नको, फक्त गावाशी काही काम नसलेली वाहनं बाहेरून जावीत.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ वाचलं. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचं, पुलाचं स्वरूप पाहून वाहनांवर निर्बंध घालता येतात, असं त्यात आहे. एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून आधी महिनाभर करून बघावं असं वाटतं. पण अर्ज घेऊन गेलो की एक कार्यालय दुसरीकडे बोट दाखवतं.

जाणकारांनी सांगावं: हा आदेश आपल्या जिल्ह्यात नक्की कोणाच्या सहीने निघतो? नुसती सकाळ-संध्याकाळची वेळ ठरवून निर्बंध घालता येतो का, आणि गावकऱ्यांच्या गाड्यांना सूट कशी लिहायची? रस्ता झेडपीचा आणि बंधारा जलसंपदाचा, मग दोन्हीकडे वेगळे अर्ज करायचे का? पलीकडच्या पंचायतीनेही ठराव केला तर त्याला काही वजन येतं का? तिथल्या लोकांनाही हाच त्रास आहे, ते तयार आहेत.

गतिरोधक हवेत, पण पोरांनी रात्रीत मातीचे ढीग घालावेत तसले नकोत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) मापाचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, मंजूर करून घ्यायला काय काय जोडावं लागतं?

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडायचाय. कोणाच्या गावाने असा ठराव करून पुढे आदेश मिळवला असेल तर त्याचा मसुदा इथे टाका, कृपा होईल.